मुंबई ते अगत्ती (लक्षद्वीप): हवाई अंतर, लागणारा वेळ आणि मधले टप्पे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई ते अगत्ती हवाई अंतर किती?

सांताक्रूझच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून अगत्तीच्या धावपट्टीपर्यंत सरळ रेषेत सुमारे ९१८ किलोमीटर, म्हणजे साधारण ५७० मैल किंवा ४९६ सागरी मैल (एक सागरी मैल = १.८५२ किमी).

पडताळून पाहायचे तर कागद-पेन पुरे. मुंबई विमानतळ १९.०९° उत्तर, ७२.८७° पूर्व. अगत्ती १०.८२° उत्तर, ७२.१८° पूर्व. अक्षांशांतला फरक ८.२७°, एका अंशाला या पट्ट्यात साधारण ११०.६५ किमी धरले की ९१५ किमी होतात. रेखांशांतला फरक जेमतेम ०.६९°, त्याचे सुमारे ७४ किमी. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, ९१८ च्या आसपास आकडा येतो. थोडक्यात, अगत्ती मुंबईच्या जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला आहे. लक्षद्वीप केरळच्या पलीकडे कुठेतरी, हा समज नकाशा नीट पाहिला की जातो.

मग ठिकठिकाणी ९४०, १,०६०, १,२०० असे वेगवेगळे आकडे का दिसतात?

कारण प्रत्येक जण ‘लक्षद्वीप’ म्हणून वेगळ्याच ठिकाणी टाचणी टोचतो. राजधानी कवरत्ती धरली तर मुंबईपासून सुमारे ९४५ किमी. अगदी दक्षिणेचे मिनिकॉय धरले तर जवळपास १,२०० किमी. उत्तरेकडचे चेतलात धरले तर सव्वाआठशेच्या आत. १,०६० हा आकडा तर बहुधा मुंबई-कोची अंतराचा असतो. विमानतळ मात्र अगत्तीवरच आहे, त्यामुळे हवाई प्रवासाचे गणित अगत्तीपर्यंतच मांडायचे. तिथून पुढे सगळे बोटीचे गणित.

मुंबईहून अगत्तीला थेट विमान आहे का?

नियमित थेट सेवा नाही. विमान बदलावेच लागते: कोची, गोवा (मोपा) किंवा बेंगळुरू. वेळापत्रके हंगामागणिक, म्हणजे मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतात, म्हणून तारीख ठरवण्याआधी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचे विमान आहे ना, ते पाहा. तिकीट शोधताना अगत्तीचा सांकेतिक शब्द ‘एजीएक्स’ टाकावा. नुसते लक्षद्वीप टाकले की काही संकेतस्थळे गोंधळतात.

अंतर हजार किलोमीटरसुद्धा नाही. मग थेट विमान का नाही?

अडते ते धावपट्टीवर आणि इंधनावर. अंतर बिचारे निर्दोष आहे.

अगत्तीचा विमानतळ १९८८ मध्ये सुरू झाला, तो छोट्या डॉर्नियर विमानांसाठी. बेट सुमारे साडेसात किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त किलोमीटरभर रुंद. त्याच्या दक्षिण टोकाच्या चिंचोळ्या पट्टीवर ही धावपट्टी बसवली आहे. तिची लांबी सुमारे १,२०४ मीटर. मुंबई-कोची मार्गावर उडणाऱ्या एअरबस ३२० किंवा बोईंग ७३७ ला प्रवासी भरून सुरक्षित चढ-उतार करायला दोन किलोमीटरच्या आसपास धावपट्टी लागते. दोन्ही टोकांना समुद्र असताना तो प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून इथे पंख्याचे एटीआर ७२ विमान चालते. धावपट्टी वाढवण्याची चर्चा वर्षानुवर्षे आहे, पण वाढवायची म्हणजे लगूनमध्ये (बेट आणि प्रवाळाचा कडा यांमधल्या उथळ पाण्यात) आणि प्रवाळावर भराव घालायचा.

आता एटीआर थेट मुंबईहून का नाही? पूर्ण प्रवासी भरलेल्या एटीआर ७२ चा पल्ला साधारण १,४०० किमी. अगत्तीला पोहोचून ढगांमुळे किंवा वाऱ्यामुळे उतरता आले नाही, तर जवळ दुसरी धावपट्टी नाही. मुख्य भूमीवर परत यावे लागते: मंगळुरू सुमारे ३८० किमी, कन्नूर ३९० किमी, कोझिकोड ४१५ किमी. म्हणजे ९१८ अधिक ३८० हे झाले १,३०० च्या घरात, त्यावर घिरट्यांसाठी राखीव इंधन वेगळे. इतके इंधन घेतले की विमान जड होते, आणि जड विमान १,२०४ मीटरवर उतरवणे म्हणजे पुन्हा प्रवासी कमी करणे. अर्ध्या रिकाम्या विमानाचे तिकीट कोणाला परवडणार? कोचीहून हेच अंतर ४६८ किमी आहे, म्हणून तिथून गणित जुळते.

थेट विमान असते तर किती वेळ लागला असता?

जेटने हवेत सव्वा तास. एटीआरचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास, त्यामुळे दोन तास. हे आकडे अंतर मोजून देणाऱ्या संकेतस्थळांवर ‘प्रवासाचा वेळ’ म्हणून झळकतात. सुट्टीचे नियोजन त्यांवर करू नये.

कोचीमार्गे प्रत्यक्षात किती वेळ धरावा?

विमानतळ ते विमानतळ साडेसहा ते सात तास, तेही वेळा जुळल्या तर. घरापासून धरले तर नऊ तास.

मुंबई-कोची हवाई अंतर सुमारे १,०६० किमी. तिकिटावर साधारण दोन तास लिहिलेले असतात. त्यातला हवेतला वेळ दीड तासाच्या आसपास. उरलेला वेळ मुंबईत रांगेत जातो, कारण इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकच वापरता येते. कोची-अगत्ती एटीआरने साधारण दीड तास.

उदाहरण म्हणून समजा, कोचीहून अगत्तीचे विमान सकाळी १० ला आहे. (अगत्तीची विमाने दिवसाउजेडीच असतात, त्यामुळे वेळ बहुधा सकाळ ते दुपार अशीच मिळते.) बहुतेक कंपन्या सुटण्याच्या एक तास आधी काउंटर बंद करतात, शिवाय तिथे परमिटही तपासतात, म्हणून आठ वाजता तुम्ही कोचीच्या काउंटरवर असायला हवे. सामान पट्ट्यावर यायला अर्धा तास धरा. म्हणजे सातपर्यंत कोचीत उतरायला हवे, मुंबईहून पाचच्या सुमारास निघायला हवे, साडेतीनला विमानतळावर पोहोचायला हवे. कल्याण-डोंबिवली, विरारकडच्या मंडळींनी अडीचच्या आत गाडीत बसलेले बरे; त्या वेळी लोकल-मेट्रोवर विसंबून चालत नाही.

इतकी धावपळ नको असेल तर आदल्या संध्याकाळी कोची गाठून मुक्काम करा. आमचा कल याच पर्यायाकडे आहे, विशेषतः बरोबर लहान मुले किंवा आजी-आजोबा असतील तर. कोचीचा विमानतळ नेडुंबश्शेरीला, शहरापासून २५-३० किमी दूर आहे. सकाळचे विमान असेल तर फोर्ट कोचीत राहण्याचा मोह टाळा. नेडुंबश्शेरी, अंगमाली किंवा आलुव्यात राहा.

गोव्याहून जास्त सोयीचे नाही का?

अंतराच्या हिशेबात गोवा सरळ जिंकतो. मुंबई-मोपा सुमारे ३८६ किमी आणि मोपा-अगत्ती सुमारे ५७३ किमी, एकूण ९५९; थेट रेषेपेक्षा फक्त ४० किमी जास्त. कोचीमार्गे हीच बेरीज १,५२८ वर जाते. मोपा-अगत्ती एटीआरने साधारण पावणेदोन तास लागतात. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या फ्लाय९१ कंपनीने हा मार्ग चालवायला घेतला.

अडचणी दोन. ही सेवा कोचीइतकी भरघोस नाही. एक विमान रद्द झाले तर पुढचे कधी, हे विचारून ठेवावे लागते. दुसरी अडचण जास्त लोकांना नडते: गोव्यात विमानतळ दोन. दाबोळी दक्षिणेला, मोपा (मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ) उत्तरेला पेडणे तालुक्यात. स्वस्त मिळाले म्हणून मुंबई-दाबोळी काढले आणि पुढचे विमान मोपाहून निघाले, तर मध्ये टॅक्सीचे दीड ते दोन तास आणि मांडवी-झुवारीवरची वाहतूक येते. तिकिटावर विमानतळाचे नाव वाचा, ‘गोवा’ एवढ्यावर थांबू नका.

सिंधुदुर्गात घर असलेल्यांना मात्र हा मार्ग फारच सोयीचा. आधी गावी जायचे, दोन दिवस राहायचे आणि सावंतवाडीहून मोपा गाठायचे. मुंबईच्या विमानतळाचे तोंडही बघावे लागत नाही.

आणि बेंगळुरूमार्गे?

मुंबई-बेंगळुरू ८३० किमी, पुढे अगत्ती ६५७ किमी. दुसरा टप्पा साधारण दोन तासांचा. एकाच कंपनीचे जोडतिकीट चांगल्या दरात मिळत असेल तरच.

दोन वेगळी तिकिटे काढली तर चालेल?

चालते, पण जोखीम तुमची. एका पीएनआरवर दोन्ही टप्पे असले, तर पहिले विमान उशिरा आल्यावर पुढची सोय करणे कंपनीचे काम. सामानही बहुधा मुंबईतच थेट अगत्तीपर्यंत टॅग होते. वेगळी तिकिटे असली तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेत न आलेले प्रवासी. पैसे जातात, आणि खरा त्रास पुढेच असतो: अगत्तीच्या विमानात जागा मुळात कमी, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही जागा मिळेल असे नाही. बेटावरचे बुकिंग आणि बोट त्या तारखेला बांधलेली असते, ती वेगळीच. वेगळी तिकिटे घ्यायचीच असतील तर मध्ये किमान चार तास ठेवा, पावसाळ्याच्या तोंडावर सरळ एक रात्र.

मुंबईत कोणत्या विमानतळावर जायचे?

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा उलवे येथील विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर जुना विमानतळ, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. जुन्या विमानतळावर टर्मिनल १ की २, तेही पाहा. भुयारी मेट्रो ३ ची दोन्हींसाठी वेगवेगळी स्थानके आहेत. उलव्याहून अगत्ती हवेत आठ-नऊ किलोमीटरने जवळ पडते, पण बोरिवलीकराला त्याचे कौतुक वाटण्याचे कारण नाही. पनवेल-वाशीकरांनी आणि अटल सेतूच्या टोकाशी राहणाऱ्यांनी जरूर विचार करावा.

आणखी एक: मुंबईच्या धावपट्ट्या पावसाळ्याआधी आणि नंतर देखभालीसाठी एकेक दिवस काही तास बंद ठेवतात, बहुधा मे आणि ऑक्टोबरमध्ये. तारीख आधी जाहीर होते. त्या दिवशीचे दुपारचे विमान टाळा.

भारतीय नागरिकांनाही परमिट लागते?

लागते. लक्षद्वीपचे रहिवासी नसलेल्या प्रत्येकाला १९६७ च्या प्रवेश व निवास निर्बंध नियमांनुसार परवानगी घ्यावी लागते. हे शेवटच्या आठवड्यात करण्याचे काम नाही.

क्रम असा ठेवा. आधी राहण्याची सोय निश्चित करा: बेटावरचे नोंदणीकृत हॉटेल, होमस्टे किंवा प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेचे पॅकेज. मग त्यांच्यामार्फत किंवा प्रशासनाच्या ई-परमिट संकेतस्थळावर अर्ज. पोलीस पडताळणीचा दाखला मागितला, तर तो मुंबई पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करून मिळवायचा असतो; त्याला लागणारा वेळ पोलीस ठाण्यावर अवलंबून. प्रवासाच्या किमान महिनाभर आधी हालचाल सुरू करा.

नडते ते इथे: आधार कार्डावर ‘सुनीता रमेश’, तिकिटावर नुसते ‘सुनीता’ आणि परमिटवर लग्नाआधीचे आडनाव. तिन्हींवर एकच नाव, एकच स्पेलिंग हवे. दुसरे म्हणजे परमिटवर बेटांची नावे असतात. अगत्तीचे परमिट घेऊन कवरत्तीला जाता येत नाही, म्हणून अर्जातच सगळी बेटे लिहा. तिसरे, परमिट नसेल तर विमान कंपनी बसूच देत नाही, आणि कोचीच्या काउंटरवर रडून उपयोग नसतो. प्रत्येकी तीन-चार छापील प्रती ठेवा. उतरल्यावर पोलीस नोंदीसाठीही लागतात.

सामान किती नेता येते?

चेक-इनला साधारण १५ किलो आणि हातात ७ किलो ही मर्यादा आढळते. तुमच्या तिकिटावरचा आकडा अंतिम. एटीआरमधले वरचे कप्पे लहान असतात, मोठी ट्रॉली बॅग त्यांत मावत नाही आणि विमानाच्या दारापाशी काढून घेतात.

मुंबई-कोची विमानात जादा सामानाचे पैसे भरून प्रश्न सुटतो, अगत्तीच्या विमानात तो सुटेलच असे नाही. छोटी धावपट्टी, परतीचे इंधन आणि उष्ण हवा यांमुळे विमानाचे एकूण वजन हिशेबानेच ठरते, विशेषतः अगत्तीहून उडताना. गरम हवा विरळ असते, पंखांना कमी उचल मिळते, म्हणून दुपारच्या उन्हात वजन आणखी कमी करावे लागू शकते. अशा वेळी पैसे देऊनही जादा बॅग मागे राहते. औषधे, चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे आणि परमिट हातातल्या पिशवीतच ठेवा. दारू नेऊ नका. अगत्तीवर दारूबंदी आहे.

जायला चांगला काळ कोणता?

ऑक्टोबर अखेर ते एप्रिल. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला असतो, बेटांमधल्या वेगवान बोटी बंद असतात. विमाने या काळातही असतात, पण अगत्तीची धावपट्टी ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने आहे आणि पावसाळी पश्चिमवारा तिला तिरका लागतो; उतरणे अवघड होते. समोरून वारा असल्याने कोचीहून जाताना येण्यापेक्षा काही मिनिटे जास्तही लागतात.

मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर हे वादळांचे महिने. डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला ओखी लक्षद्वीपवरून गेले. तौक्तेचा माग तर मुंबईकरांना आठवत असेल: १४ मे २०२१ ला लक्षद्वीप परिसरात जोर धरला आणि १७ मे रोजी ते मुंबईच्या समोर होते. लक्षद्वीपसाठी हवामान खात्याचा इशारा असेल, तर दोन-तीन दिवसांत आपल्याकडचीही विमाने विस्कळीत होऊ शकतात.

विमान अगत्तीवर उतरू शकले नाही तर?

थोडा वेळ घिरट्या घालून मुख्य भूमीवर परत. असे झाले तर बेटावरच्या यजमानाला लगेच फोन करा, कारण बोट तुमच्यासाठी थांबलेली असते. परमिटची तारीख संपत येत असेल तर तेही त्यांनाच विचारा. कंपनीकडून पुढच्या विमानातली जागा लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर हॉटेलवर जाऊन झोपू नका.

परतीच्या दिवशी मुंबईचे रात्रीचे विमान पकडता येईल?

येते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात महत्त्वाची मीटिंग असेल तर हा डाव खेळू नका. अगत्तीचे विमान दुसऱ्या दिवसावर गेले की पुढची सगळी साखळी तुटते. परतीनंतर एक मोकळा दिवस ठेवणे हा या प्रवासातला सर्वांत स्वस्त विमा आहे.

सामानात पोवळे, प्रवाळाचा तुकडा येऊ देऊ नका. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे. मुलांच्या खिशांतही पाहून घ्या.

विमानाऐवजी जहाजाने?

मुंबई-एर्नाकुलम कोकण रेल्वेने. नेत्रावतीसारख्या गाडीने एक दिवसाहून जास्त. पुढे कोचीच्या विलिंग्डन बेटावरून प्रशासनाची प्रवासी जहाजे, बेटानुसार १४ ते २० तास. जहाज लगूनबाहेर थांबते आणि छोट्या बोटीत उतरावे लागते. गुडघेदुखी असलेल्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. या जहाजांवर पहिला हक्क बेटवासीयांचा आहे, तो असायलाच हवा, म्हणून सुट्ट्यांत तिकिटे मिळणे कठीण.

मुंबई बंदरातून हंगामात खासगी क्रूझ जातात. सुमारे ५०० सागरी मैल, ताशी १६-१७ सागरी मैल वेग, म्हणजे एका बाजूला तीस तासांच्या आसपास. बेटावर मात्र काही तासच मिळतात.

अगत्तीहून पुढे बंगारम, कवरत्ती?

बंगारम बोटीने पाऊण ते दीड तास, समुद्र कसा आहे त्यावर. कवरत्ती सरळ रेषेत ५८ किमी. वेगवान बोट असेल त्या दिवशीच जाता येते. हेलिकॉप्टर आहे, पण त्यावर रुग्णांना प्राधान्य असते, पर्यटकाने त्यावर बेत आखू नये.

घड्याळ बदलावे लागते का?

नाही, भारतीय प्रमाणवेळच. मात्र अगत्ती कोचीच्या ४.२° पश्चिमेला असल्याने तिथे सूर्य कोचीपेक्षा सुमारे १७ मिनिटे उशिरा उगवतो.

फोन आणि पैसे?

जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालची ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारले. बीएसएनएल किंवा एअरटेलचे सिम जवळ ठेवा. यूपीआय चालते, तरी तीन-चार दिवसांचा खर्च भागेल एवढी रोकड कोचीतूनच घ्या.

खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचे दृश्य बहुतेक खिडक्यांतून मोकळे दिसते. पुढच्या भागात पंख्यांचा आवाज जास्त. चढण्या-उतरण्याचे दार मागे असते. म्हणून मागची खिडकी घ्या: आवाज कमी, उतरायला पहिले. डावी-उजवीचा फार विचार नको. कोणत्या बाजूने उतरायचे ते त्या दिवशीचा वारा ठरवतो.